फॉल्टवाले बापूकाका

"चालतंय. फक्त दिसत नाही."

बापूकाकांचं हे वाक्य आमच्या अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. समोर एकवीस इंची टीव्ही काळाठिक्कर पडलेला असायचा, आणि काकांच्या कपाळावर साधी आठीसुद्धा नसायची. संगणक चालू आहे, ग्राफिक्स कार्ड चालू आहे, कार्डातून सिग्नल निघालाय, वायरीत शिरलाय. तो टीव्हीपर्यंत जाऊन कुठे गडप होतो, एवढाच काय तो प्रश्न. तुम्ही-आम्ही ज्याला 'बंद पडलंय' म्हणतो, त्याला काका 'नव्वद टक्के काम झालं' म्हणतात. उरलेल्या दहा टक्क्यांवर त्यांची निवृत्ती मजेत चालली आहे.

काकांची हयात गेली टेलिफोन खात्यात, फॉल्ट शोधण्यात. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलीत पाणी कुठे शिरलं ते हुडकायचं, खड्डा खणायचा, जॉइंट उघडायचा. तिकडे चार आठवड्यांनी फोन लागला म्हणून गिऱ्हाईक गहिवरून आभार मानायचं, आणि इकडे काका खड्ड्यात उकिडवे बसून तारेवरचा ओला कागद निरखत असायचे. लोकांना फोन हवा असे, काकांना फॉल्ट. दोघांचंही भागत होतं.

निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात, नाहीतर शेअर बाजारात, म्हणजे रडायलाही जातात. काकांच्या हाती नेमकी एका संगणक मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी पडली. पुढे तर उबंटूच्या सीड्या मागणी नोंदवली की परदेशातून पोस्टाने घरपोच येऊ लागल्या, पोस्टेजसुद्धा न घेता. पोस्टमनने एकदा दबक्या आवाजात काकूंना विचारलं, "साहेबांचं बाहेर कुणी असतं का?" काकू म्हणाल्या, "बाहेर नाही हो, घरातच आहे. आतल्या खोलीत. रात्रभर गुणगुणतं."

लिनक्समध्ये काकांना जन्माचं सुख सापडलं. बाकीच्या ठिकाणी काही बिघडलं की 'पुन्हा चालू करून बघा' म्हणतात आणि विषय मिटवतात. इथे पोटातलं सगळं उघडं. जो जॉइंट म्हणाल तो सोडून बघावा. पण नुसत्या संगणकात काका किती रमणार? तो फारच लवकर चालायला लागला. तेव्हा त्यांची नजर हॉलमधल्या टीव्हीवर गेली. त्या काळच्या ग्राफिक्स कार्डांना मागे एक गोल भोक असायचं, एस-व्हिडिओचं. काकांनी ते पाहिलं आणि काकूंच्या मालिकांचे दिवस भरले.

तसा टीव्हीशी काकांचा जुना हिशेब होता. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. गच्चीवर चढून ॲंटेना फिरवणारा आणि खाली "आलं का?" म्हणून ओरडणारा एक तरुण तेव्हा प्रत्येक वाड्यात असे. त्यांच्या वाड्यात ते काका. खालून उत्तर यायचं, "मुंग्या आहेत!" काका अंशाअंशाने ॲंटेना वळवायचे. "छायागीत संपत आलं तरी मी वरच होतो," हे ते आजही अभिमानाने सांगतात. पडद्यावर 'व्यत्यय'ची पाटी लागली की सगळा वाडा हळहळायचा, आणि काका म्हणायचे, "म्हणजे बिघाड त्यांच्याकडे आहे, आपली लाइन स्वच्छ आहे."

आता काकांकडची रचना सांगतो. केबलवाल्याची वायर भिंतीतून येते, ती टीव्हीत खुपसली की टीव्ही दिसतो, हे झालं सामान्य माणसांचं. काकांकडे ती आधी आतल्या खोलीत जायची, संगणकातल्या ट्यूनर कार्डात शिरायची. तिथून चित्र मिथटीव्ही नावाच्या प्रोग्रॅमकडे. तो ते डिस्कवर लिहिणार, डिस्कवरून परत वाचणार, ग्राफिक्स कार्डाला देणार. कार्ड ते एस-व्हिडिओतून बाहेर काढणार, आणि मग पॅसेजच्या कडेकडेने, देव्हाऱ्याखालून, फ्रिजला वळसा घालून ती वायर पुन्हा हॉलमध्ये, त्याच टीव्हीला. निघाली तिथून चार फुटांवर.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, केबल थेट टीव्हीला लावली तर?"

काकांनी माझ्याकडे अतीव करुणेने पाहिलं. "लागेल की. पण मग त्यात आपण कुठे?"

पहिल्या संध्याकाळी चित्र आलं ते कृष्णधवल, आणि खालून वर गुंडाळत. काकू म्हणाल्या, "बिघडवलात ना?" काका म्हणाले, "बिघडलेलं नाही, अमेरिकेत आहे." मग त्यांनी आम्हाला समोर बसवून उलगडा केला. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, तिथे ५२५ रेषा आणि साधारण ३० चित्रं. रंग वाहून नेणारी लहर आपली ४.४३ मेगाहर्ट्झची, त्यांची ३.५८ची. कार्डाच्या ड्रायव्हरला काहीच सांगितलं नाही, तर तो आपण अमेरिकेत आहोत असं धरून चालतो. आपला साधाभोळा टीव्ही मग रेषा मोजता मोजता चुकतो आणि रंग ओळखतच नाही. उपाय एका ओळीचा. 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' नावाची फाइल उघडायची आणि 'टीव्हीस्टँडर्ड'च्या पुढे 'पाल-बी' लिहायचं. ड्रायव्हरच्या माहितीपुस्तकात पाल-बीवाल्या देशांची यादीच होती. काकांनी ती खड्या आवाजात वाचली. डेन्मार्क, फिनलंड, जर्मनी, गिनी, भारत. "गिनीला दिसतं, मग आपल्याला का दिसू नये?"

ओळ लिहिली, चित्र गुंडाळायचं थांबलं. रंग मात्र आला नाही. काकांचा चेहरा फुलला, कारण एका फॉल्टच्या पोटात दुसरा फॉल्ट निघाला होता. एस-व्हिडिओत उजेड एका तारेतून जातो आणि रंग दुसऱ्या तारेतून. त्यांच्या जुन्या टीव्हीला एकच पिवळं भोक. काकांच्या जोडवायरीने त्यात फक्त उजेडाची तार नेली होती, रंग बिचारा उंबऱ्यावर उभा. त्यावर इलाज ४७० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा. रंगाची तार त्या कपॅसिटरमधून उजेडाच्या तारेला जोडायची की दोघं एकाच वायरीने येतात. काका विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. दुकानदार म्हणाला, "काका, तयार कन्व्हर्टर घ्या ना, कशाला डोकं लावता?" डोकं लावू नका, असं काकांना सांगणारा माणूस त्यांच्या लेखी संपला. ते मूठभर कपॅसिटर घेऊन आले, चष्मा कपाळावर सरकवून डाग दिला, आणि प्लगची एक पिन वाकलेली होती ती काकूंच्या भरतकामाच्या सुईने सरळ केली. चार पिना, प्रत्येक काडेपेटीतल्या काडीहून बारीक, आणि काका श्वास रोखून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून त्या वाकलेल्या एकीला उभं करतायत. त्या वेळी घरात भूकंप झाला असता तरी काकांनी आधी पिन सरळ केली असती आणि मग घर सोडलं असतं.

रंग आला. काकू 'चार दिवस सासूचे' बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ही साडी हिरवी होती होय!"

या सगळ्यात माझं काम हॉलमध्ये बसायचं. आतून आवाज यायचा, "आलं का?" मी सांगायचो, "नाही." एवढं काकांना पुरायचं नाही. "नाही म्हणजे कसं नाही? काळं नाही की निळं नाही?" निळं असेल तर टीव्हीला सिग्नलच मिळत नाही. काळं असेल तर सिग्नल आहे, चित्र नाही. फाटत असेल तर वरून की खालून, थरथरत असेल तर अक्षरं की कडा, सगळं नीट सांगावं लागे. मुळात टीव्ही एका वेळी एकाआड एक रेषाच रंगवतो, त्यामुळे संगणकावरची बारीक आडवी रेघ टीव्हीवर लुकलुकते, हे मला तिथेच कळलं. काकांकडे चहाला गेलेल्याला चहा मिळतोच, पण कप हातात घेऊन रिपोर्टही द्यावा लागतो. एकदा मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांमधल्या मुलाच्या वडिलांनी "डाव्या बाजूला पट्टी कापली जातेय" असं आपणहून सांगितलं. काकांनी आतूनच ओव्हरस्कॅनचा आकडा कमी करत "आता?" विचारलं. ते म्हणाले, "आता बरोबर." काका बाहेर आले आणि म्हणाले, "स्थळ चांगलं आहे."

सर्वांत अवघड काळ होता तो काळ्या पडद्याचा. संगणक सुरू करताना पहिल्या पानावरची अक्षरं, मेमरी किती, डिस्क कुठली, टीव्हीवर ठळक दिसायची. लिनक्सचा डेस्कटॉप सुरू व्हायची वेळ आली की अंधार. काकांच्या मते हा उत्तम पुरावा होता. "पाहिलंस? कार्ड निर्दोष, वायर निर्दोष, टीव्ही निर्दोष." काकू म्हणाल्या, "मेमरी किती आहे ते मला रोज दिसतं. त्या बाईचं लग्न झालं की नाही ते दिसत नाही." मात्र आवाजाची वायर वेगळी होती आणि ती कधीही बिघडली नाही. काकूंनी काळ्या टीव्हीसमोर बसून, शेंगा सोलत, आवाजावर सगळी पात्रं ओळखायला शिकून घेतली. दार करकरलं की त्या सांगायच्या, "ही सासू. सुनेचं दार हळू वाजतं."

काका त्या काळात लॉग वाचायचे. लिनक्सचा ग्राफिक्सचा कारभार सुरू होताना काय काय केलं ते ओळीने एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. नुसती माहिती असेल तर ओळीआधी दोन आय, इशारा असेल तर दोन डब्ल्यू, चूक असेल तर दोन ई. काका सकाळी चहासोबत पेपर वाचावा तसा तो वाचायचे, अग्रलेखासकट. "लॉग खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं म्हणून ते दोन ईवाल्या ओळीवर बोट ठेवायचे. एक दिवस ओळ निघाली, 'नो स्क्रीन्स फाउंड'. म्हणजे एकही पडदा सापडला नाही. काकूंनी आधी मॉनिटरकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "मग हे दोन काय, पाट मांडलेत?"

आणि एका दुपारी चित्र आलं. आपलं आपण. रंगीत, स्थिर, कडेपर्यंत. काकूंनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि पदर सावरून बसल्या. काका मात्र दारात उभे, कुणी परवानगीशिवाय घरात शिरल्यासारखे बघतायत.

"का आलं?"

"आलं ना? बसा आता."

"काल आलं नाही, आज आलं. मधे आपण काहीच केलं नाही. मग का आलं?"

काकांच्या आयुष्यात विनाकारण बरं होणं या गोष्टीला जागा नाही. तासाभरात उलगडा झाला. डेस्कटॉप सुरू होतानाच कार्ड भोकात टीव्ही आहे की नाही हे चाचपतं. टीव्हीच्या पिवळ्या भोकाचा रोध ७५ ओहमचा. तो लागला तर टीव्ही आहे, नाही लागला तर नाही. रोज काका पहिलं पान दिसलं की वायर तपासायला काढायचे आणि मागाहून खोचायचे. त्या दिवशी झाडलोट करताना कामवालीने वायर आधीच खोचून ठेवली होती. पण हा झाला अंदाज, त्याला पुरावा पाहिजे. काकांनी ऐन प्रसंगात वायर उपटली, संगणक पुन्हा सुरू केला, वायर मागाहून खोचली, आणि टीव्ही पूर्ववत काळा झाला तेव्हा हात झटकत म्हणाले, "आत्ता कसं!"

मिथटीव्हीचा एक गुण होता. चालू कार्यक्रमसुद्धा तो आधी डिस्कवर लिहायचा आणि मग दाखवायचा, त्यामुळे काकांचा टीव्ही जगाच्या काही सेकंद मागे चालायचा. एरवी कुणाला कळलं नसतं. पण २४ सप्टेंबर २००७ रोजी, भारत-पाकिस्तान ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत जोहान्सबर्गला रंगली असताना, सोसायटीतली निम्मी माणसं काकांकडे जमली होती. भारताच्या १५७ धावा. पाकिस्तानची एकेक विकेट पडायची ती आधी समोरच्या इमारतीत पडायची, मग आमच्याकडे. गोलंदाज अजून धावत यायचा आणि बाहेर थाळ्या वाजायच्या. पोरांनी तर त्याचा खेळच केला. एक जण बाल्कनीत उभा राहून सांगायचा, "आता चौकार!" आणि इकडे चौकार. काकांना मान्यच नव्हतं की आपला टीव्ही मागे आहे. "ते घाईत आहेत," ते म्हणाले.

शेवटचं षटक. पाकिस्तानला हव्यात तेरा, जोगिंदर शर्माच्या हातात चेंडू. एक वाइड, एक मोकळा चेंडू, मग मिस्बाहचा षटकार. आता चार चेंडूंत सहा. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. जोगिंदर धावत आला, हात वर गेला, आणि चित्र थांबलं.

थांबवलं होतं काकांनी. चालू सामना थांबवता येणं हा त्या प्रोग्रॅमचा दुसरा गुण. काका उठून पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि जोगिंदरच्या मनगटाजवळ बोट ठेवलं. "हे बघा. हाताची कड कंगव्यासारखी दिसतेय ना? सम रेषा आणि विषम रेषा एकाच क्षणाच्या नाहीत. याला म्हणतात..."

काय म्हणतात ते कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर अख्ख्या कोथरूडने एकाच वेळी फटाके लावले होते. श्रीशांतने झेल घेतला, पाच धावांनी भारत जिंकला, ढोल निघाला, कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायला लागलं, आणि आमच्या हॉलमध्ये जोगिंदर शर्मा हात वर करून उभा. सगळे जिन्याकडे पळाले. मी वळून पाहिलं, तर काका एकटेच, फटाक्यांच्या उजेडात, त्या मनगटाजवळच्या रेषा मोजत होते.

पुढे काकांनी नवा संगणक घेतला. त्याला एस-व्हिडिओचं भोकच नव्हतं. काकूंना वाटलं, सुटलो. पण नव्या बोर्डावरच्या ग्राफिक्स चिपमध्ये टीव्हीची सोय होती, फक्त बाहेर काढलेली नव्हती. त्यामुळे लिनक्सची ठाम समजूत झाली की टीव्ही जोडलेला आहे. पासवर्ड विचारायची खिडकी मॉनिटरवर येईना. ती त्या नसलेल्या टीव्हीवर जायची आणि तिथे कुणी पासवर्ड टाकेल म्हणून वाट पाहत बसायची. काकू म्हणाल्या, "चला, एका तरी टीव्हीवर तुमचं बरोबर दिसतंय." काकांनी अखेर सुरुवातीच्याच ओळीत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, लेखी कळवलं की एस-व्हिडिओ-१ बंद समजावं. त्या रात्री ते बराच वेळ जागे होते. असलेला टीव्ही दाखवायला एवढी वर्षं गेली आणि नसलेला घालवायला अर्धी ओळ पुरली, हे त्यांना पटत नव्हतं.

मग एचडीएमआय आलं आणि काकांचे वाईट दिवस सुरू झाले. एकच वायर, तीत चित्रही आणि आवाजही. टीव्ही स्वतःच संगणकाला सांगतो, मी इतका रुंद, इतका उंच, मला हे हे चालतं. खोचलं की दिसलं. बापूकाका सोफ्यावर बसून चित्रपट बघताना मी त्या काळात पाहिले आहेत. मध्यंतर झालं तरी ते उठायचे नाहीत. काकू माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवावं का रे?"

डॉक्टरांची गरज पडली नाही. जावयाने मोठा टीव्ही पाठवला. फोर-के, सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा. काकांनी एएमडीचं नवं कार्ड जोडलं. चित्र सुरेख आलं, पण सेकंदाला ६०च. १२०साठी लागतं एचडीएमआय २.१, आणि त्या कार्डाचा लिनक्सवरचा ड्रायव्हर खुला, कुणीही वाचावा असा. एएमडीने हे नवं काम खुल्या ड्रायव्हरमध्ये करण्याचा प्रस्ताव दिला होता. एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो फेटाळल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. वायर धडधाकट, कार्ड धडधाकट, टीव्ही धडधाकट, आणि फॉल्ट कागदावर! काकांचं वय दहा वर्षांनी उतरलं.

मी म्हटलं, "काका, डिस्प्लेपोर्टमधून काढून ॲडॅप्टर लावला तर होईल म्हणतात."

"होईल. पण मग त्यांनी केलेला अन्याय कोण निस्तरणार?"

त्यांनी एचडीएमआय फोरमला अर्ज पाठवला. माझ्याकडून इंग्रजी करून घेतलं, पण घाट खात्याचाच. महोदय, विषय, संदर्भ, वरील विषयास अनुसरून विनंती की, आणि खाली सोबत जोडलेल्या कागदांची यादी. उत्तर आलं नाही तेव्हा स्मरणपत्र क्रमांक एक गेलं, मग दोन. दर सोमवारी आता आतल्या खोलीत नवा मसुदा होतो, आणि काकू हॉलमध्ये ६० चित्रांत आपली मालिका निवांत बघतात.

परवा मी म्हटलं, "काका, इतके दिवस झाले. ते काही उत्तर देत नाहीत."

काकांनी पंचिंग मशीनने तिसऱ्या स्मरणपत्राला दोन भोकं पाडली, ते फाइलला लावलं, दोरी घट्ट ओढून गाठ मारली.

"सदतीस वर्षं खात्यात काढलीत मी," ते म्हणाले. "उत्तर आलं की फाइल बंद होते. येत नाहीये, हेच बरं आहे."